स्वरलेखनातील विराम : संगणकाच्या काळात घ्यावयाची दक्षता

(अकोटा, वडोदरा येथे संगीतशिक्षक, भजनी मंडळांचे कार्यकर्ते आणि शिक्षण व सांस्कृतिक क्षेत्रांतील अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गाणे म्हणजे स्वर आणि ताल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. एखादा मुरलेला कीर्तनकार अभंगाचे चरण उचलण्यापूर्वी क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात समोर बसलेला सारा गाव कान टवकारतो. ख्यालगायक मुखडा घेण्याआधी अर्धी मात्रा मोकळी सोडतो आणि त्या अर्ध्या मात्रेमुळे समेला वजन येते. या थांबण्याला शास्त्रात विराम म्हणतात, तबलजी दम म्हणतात, गायक विश्रांती म्हणतात. नाव काहीही असो, तो गाण्याचाच एक भाग असतो. आज गाणी कागदावर उतरविण्याचे काम संगणक करू लागला आहे आणि उतरविलेले गाणे तो वाजवूनही दाखवितो. या सोयीत स्वर बहुधा सुरक्षित राहतात. हरवतो तो विराम. तो का हरवतो आणि कसा राखावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

अकोट्याची भूमी आणि बडोद्याची परंपरा

अकोला जिल्ह्यातील अकोट निराळे आणि विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावरचे हे अकोटा निराळे. याचे प्राचीन नाव अंकोट्टक. सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ज्या वटपद्रक गावाचे दान नोंदले आहे, तेच पुढे बडोदे झाले. आणि ते गाव त्या वेळी अंकोट्टक विभागात गणले जात होते. म्हणजे आज अकोटा हा वडोदरा शहराचा एक भाग असला, तरी एके काळी वडोदरा हेच अकोट्याच्या हद्दीतले एक खेडे होते. सन १९५१ मध्ये येथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा ठेवा सापडला. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यावर लिहिलेला ग्रंथ सन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीखाली गेलेली कला पुन्हा हाती येऊ शकते, कारण ती धातूची असते. गाण्याचे तसे नाही. गाणारा गेला आणि त्याचे गाणे कोणी शिकून किंवा लिहून ठेवले नसले, तर कितीही खोदले तरी ते मिळत नाही.

हा धोका बडोदे संस्थानाने फार लवकर ओळखला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत (सन १८७५ ते १९३९) कलावंतांना दरबारी आश्रय तर मिळालाच. शिवाय सन १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्षांनी शिक्षणासाठी स्वतंत्र स्वरलेखनपद्धती तयार केली. ज्या काळात चीज लिहून देणे म्हणजे घराण्याची तिजोरी उघडणे असे मानले जाई, त्या काळात शाळेतील मुलांपुढे लिहिलेले स्वर ठेवणे हे मोठे धाडस होते. हीच शाळा पुढे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचा भाग झाली आणि सुरसागर तलावाच्या काठी तिची परंपरा आजही चालू आहे.

मार्च १९१६ मध्ये बडोद्यातच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तिचे प्रमुख सूत्रधार होते. उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचा ऐतिहासिक आढावा घेणारे त्यांचे प्रसिद्ध भाषण याच परिषदेतले. सर्व देशात एकसारखी स्वरलेखनपद्धती असावी, हा विषयही परिषदेपुढे होता. संगीत कसे लिहावे, या प्रश्नाची चर्चा या शहराला नवी नाही. संगणकामुळे त्याच चर्चेचा पुढचा अध्याय सुरू झाला आहे, इतकेच.

मौन मोजण्याची जुनी रीत

विराम हा आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आलेला विचार नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ताल दाखविण्याच्या क्रियांचे दोन वर्ग सांगितले आहेत : सशब्द आणि निःशब्द. शम्या, ताल, ध्रुव आणि संनिपात या क्रियांत आवाज होतो. आवाप, निष्क्राम, विक्षेप आणि प्रवेश या क्रियांत हात नुसता हलतो, आवाज होत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी लिहिलेल्या संगीतरत्नाकरातही हा विचार विस्ताराने आला आहे. ज्या क्रियेत आवाज नाही तिलाही नाव आहे, जागा आहे आणि मोजमाप आहे, हे त्यातले मर्म होय.

आजच्या तीनतालातही हे मर्म शिल्लक आहे. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी पडते. नवव्या मात्रेला हात मोकळा सोडतात, तो काल. तेथे टाळीचा आवाज नसतो, डग्ग्याचा घुमाराही काही काळ मिटतो. आणि या मिटण्यावरूनच गायकाला आपण आवर्तनात कोठे आहोत हे कळते. आपल्या परंपरेत शांतता ही नुसती पोकळी मानलेली नाही. तिला मोजलेल्या जागेचा मान आहे. हा मुद्दा लक्षात ठेवला म्हणजे पुढचे तांत्रिक विवेचन सुलभ होईल.

आडव्या रेघेचे दोन अर्थ

भातखंडे पद्धतीचे स्वरलेखन शाळांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू, समेला गुणिले चिन्ह, कालाला शून्य, एका मात्रेत अनेक स्वर असतील तर खाली अर्धचंद्र, अशी तिची सुटसुटीत रचना आहे. स्वर पुढच्या मात्रेपर्यंत लांबवायचा असेल तर स्वरांच्या ओळीत आडवी रेघ आणि शब्दांच्या ओळीत अवग्रह लिहितात. उदाहरणार्थ, चार मात्रांचा हा छोटा तुकडा पाहावा :

स्वर : प ग – –
शब्द : ह रि ऽ ऽ

याचा नियमानुसार अर्थ असा की, पंचमावर ‘ह’ एक मात्रा, आणि गंधारावर ‘रि’ तीन मात्रा. परंतु प्रत्यक्ष गाताना तीन प्रकार आढळतात. एक गायक ‘रि’ पुऱ्या तीन मात्रा धरतो. दुसरा दोन मात्रा धरून तिसरीत श्वास घेतो. तिसरा ‘रि’ एकच मात्रा म्हणून पुढच्या दोन मात्रा गप्प राहतो, आणि त्या गप्पपणात पखवाज बोलतो. लिहिताना मात्र पुष्कळदा तिन्ही प्रकार याच दोन रेघांनी दाखविले जातात.

यात भातखंडे पद्धतीला दोष देण्याचे कारण नाही. लिखित स्वर हा गुरूच्या शिकवणुकीला आधार म्हणून योजलेला होता. रेघ कोठे धरायची आणि कोठे सोडायची, हे शिष्य गुरूच्या तोंडून शिकत असे. कागद स्मरण देई, अर्थ माणूस लावी. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी सन १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या स्वरलेखनात प्रत्येक स्वराखाली कालमापनाची निराळी चिन्हे असतात; तीत काळाचा हिशेब अधिक बारकाईने ठेवता येतो, पण लिहिण्याची आणि छापण्याची मेहनत वाढते. व्यवहारात भातखंडे पद्धतीचा सोपेपणा अधिक रुळला. सोपेपणाची किंमत म्हणून रेघेचा दुहेरी अर्थ राहिला, आणि जोपर्यंत वाचणारा माणूस होता तोपर्यंत ती किंमत जड वाटली नाही.

यंत्राला विराम कसा कळतो

आता वाचणारा बदलला आहे. संगणकाला गुरू नसतो. रेघ धरायची की सोडायची, हे त्याला आपण सांगावे लागते. न सांगितल्यास तो एकच काहीतरी ठरवून मोकळा होतो.

स्वर वाजविणारी उपकरणे परस्परांशी ज्या सांकेतिक भाषेत बोलतात, ती मिडी नावाची पद्धती सन १९८३ मध्ये प्रचारात आली. तिची रचना समजण्यास सोपी आहे. ‘अमुक स्वर सुरू कर’ असा एक निरोप आणि ‘अमुक स्वर बंद कर’ असा दुसरा निरोप, या दोन निरोपांवर तिचे मुख्य काम चालते. ‘आता गप्प राहा’ असा निरोप मात्र तीत लिहावा लागत नाही. एका स्वराचे बंद होणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांच्यामध्ये जो काळ उरतो, तीच यंत्राची शांतता. विरामाचे सारे भवितव्य ‘बंद कर’ हा निरोप नेमका केव्हा जातो, यावर अवलंबून असते.

एक हिशेब पाहू. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तर एक मात्रा एका सेकंदाची. संगणक प्रत्येक मात्रेचे बारीक भाग करतो. ४८० भाग ही नेहमी आढळणारी संख्या आहे. वरच्या उदाहरणात गंधाराचा ‘बंद कर’ निरोप १४४० भागांनंतर गेला तर स्वर तीन सेकंद वाजेल. ४८० भागांनंतर गेला तर एक सेकंद वाजून दोन सेकंद शांतता राहील. पडद्यावरच्या मजकुरात फरक दिसतो न दिसतो, पण कानाला ती दोन वेगळी गाणी असतात. हार्मोनियमच्या आवाजात तर हा फरक फारच ठळक होतो, कारण भाता चालू असेपर्यंत पेटीचा सूर टिकतो. सतारीचा किंवा तबल्याचा आवाज आपोआप विरत जातो, म्हणून तेथे तो कमी जाणवतो.

पाश्चात्त्य पंचरेखा-लेखनात शांततेसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. पूर्ण, अर्ध, पाव, अष्टमांश अशा प्रत्येक कालमानाच्या स्वराला तितक्याच कालमानाचे विश्रांतिचिन्ह असते. म्यूझस्कोर हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रम असो किंवा विकत मिळणारे सिबेलियस आणि डोरिको असोत, सर्वांचा पाया हे पंचरेखा-लेखन हाच आहे. म्यूझस्कोरचे काम सन २००२ मध्ये सुरू झाले. विनामूल्य असल्यामुळे शाळांना तो विशेष सोयीचा आहे. या कार्यक्रमात विभागाची मांडणी आधीच ठरलेली असते, आणि जेथे स्वर लिहिलेला नाही तेथे विश्रांतिचिन्ह आपोआप बसते. नवशिक्या माणसाची पहिली चूक येथेच होते. पुस्तकातील ‘ग – –’ हा मजकूर तो एका मात्रेचा गंधार म्हणून घालतो आणि रेघा सोडून देतो. संगणक रेघांच्या जागी विश्रांती भरतो. जो स्वर तीन मात्रा धरायचा होता तो एका मात्रेत तुटतो, आणि अभंगाची चाल उचक्या दिल्यासारखी वाजू लागते. उलट काही जण प्रत्येक रेघ लांबवून टाकतात. मग श्वासाला जागाच उरत नाही.

तीन प्रकारचे विराम

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी विरामाचे तीन प्रकार मनाशी स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल.

पहिला प्रकार मोजलेल्या विश्रांतीचा. ताल चालू आहे, गायक ठरावीक मात्रा गप्प आहे. ही शांतता तितक्याच मात्रांच्या विश्रांतिचिन्हाने लिहावी. दोन मात्रांची शांतता असेल तर दोन मात्रांचे चिन्ह, अर्ध्या मात्रेची असेल तर अर्ध्या मात्रेचे. आवर्तनाची बेरीज कधीही कमीजास्त होता कामा नये.

दुसरा प्रकार श्वासाचा. यातला काळ इतका थोडा असतो की तो मात्रेत मोजण्याची सवय नसते. संगणकावर यासाठी श्वासचिन्ह असते आणि म्यूझस्कोरमध्ये त्याला किती सेकंद थांबायचे ते आकड्याने सांगता येते. परंतु येथे एक खाचखळगा आहे. माणूस श्वास घेतो तेव्हा तो काळ आधीच्या स्वरातून काढतो, ताल थांबवीत नाही. यंत्रातील श्वासचिन्हाला दिलेला काळ मात्र दोन स्वरांच्या मध्ये नव्याने घातला जातो आणि तेवढ्या वेळापुरती साथीची वाद्येही थांबतात. तालबद्ध गाण्यात त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक ठेका अडखळतो. यावर उपाय सोपा आहे : आधीचा स्वर पाव मात्रा आखूड लिहावा आणि ती पाव मात्रा विश्रांतीला द्यावी. श्वासचिन्ह डोळ्यांसाठी ठेवावे, पण त्याला काळ देऊ नये.

तिसरा प्रकार मुक्त विरामाचा. स्वरावर अर्धवर्तुळ आणि आत बिंदू असे त्याचे चिन्ह असून पाश्चात्त्य संगीतात त्याला फर्माटा म्हणतात. वादकवृंदाचा संचालक हात वर धरील तोपर्यंत थांबा, असा त्याचा अर्थ. म्यूझस्कोरमध्ये या चिन्हाला शेकडेवारी देता येते. दोनशे टक्के दिले की त्या जागेची लय निम्मी होते. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा स्वर एक सेकंदाऐवजी दोन सेकंद वाजतो. मात्र हा बदल एकट्या गायकाच्या ओळीपुरता राहत नाही. त्या क्षणी सर्वच ओळींची लय ताणली जाते. तीनतालाच्या एका आवर्तनात असे एक चिन्ह टाकले तर सोळा सेकंदांचे आवर्तन सतरा सेकंदांचे होते. हाताने टाळी देणारा श्रोता समेवर पोहोचतो तेव्हा यंत्र एक मात्रा मागे असते.

यावरून नियम असा निघतो की, फर्माटा हे चिन्ह तालात वापरू नये. त्याचे खरे स्थान आलापात, कीर्तनकाराच्या मोकळ्या आळवणीत, गाण्याच्या अखेरच्या स्वरावर. म्हणजे जेथे मात्रा मोजल्या जात नाहीत तेथे. बडोदे दरबारचे उस्ताद फैयाझ खाँ (सन १८८६ ते १९५०) यांची नोम्-तोम् आलापी विख्यात होती. अशा आलापीचे लेखन करताना मात्रांचा पिंजरा आणणे निरर्थक आहे. तेथे स्वरवाक्ये लिहून त्यांच्यामध्ये मुक्त विराम देणे हेच योग्य. पार्श्वभूमीचा तंबोरा मात्र त्याच लेखनात ओवू नये. तो निराळा वाजवावा. अन्यथा गायकाच्या प्रत्येक विरामाला तंबोराही मंदावेल, आणि तंबोऱ्याचे अखंडत्व, ज्याच्या आधारावर आपल्याकडील शांतता उभी असते, तेच तुटेल.

एका तिहाईचे उदाहरण

विराम चुकला तर प्रत्यक्ष काय बिघडते, हे तबल्याच्या तिहाईवरून चांगले समजते. तिहाई म्हणजे एकच बोलपंक्ती तीनदा वाजवून समेवर येणे. दोन आवृत्त्यांमध्ये विराम असेल तर ती दमदार, नसेल तर बेदम. ‘तिटे कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा बोल घ्यावा आणि तीनतालात समेपासून सुरू करावा. पहिली आवृत्ती पाचव्या मात्रेला संपते. सहावी मात्रा दमाची. दुसरी आवृत्ती सातव्या ते अकराव्या मात्रेपर्यंत. बारावी मात्रा पुन्हा दमाची. तिसरी आवृत्ती तेराव्या मात्रेला सुरू होऊन तिचा अखेरचा ‘धा’ सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो. पाच त्रिक पंधरा, अधिक दमाच्या दोन, मिळून सतरा.

लिहिणाऱ्याने त्या दोन दमांच्या मात्रा क्षुल्लक समजून गाळल्या, तर बोल एकही न चुकता तिहाई पंधराव्या मात्रेवर संपते आणि सम दोन मात्रा दूर राहते. एकही अक्षर चुकलेले नाही, तरी सारी रचना कोसळली. याच पाच मात्रांची बेदम तिहाई हवी असेल तर ती समेपासून नव्हे, तिसऱ्या मात्रेपासून उचलावी लागेल. मधली शांतता काढली की आरंभाची जागाही बदलते; इतका विरामाचा अधिकार आहे.

जतन कोणाचे आणि कोणासाठी

हा सारा खटाटोप केवळ शहरातील विद्वानांसाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. खेडोपाडी भजनी मंडळांजवळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चाली आहेत. कित्येक गावांत एखादी चाल आता एकदोन वृद्धांनाच येते. वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांतही सणावारी म्हटली जाणारी गाणी, आरत्या आणि कीर्तनातील पदे आहेत. त्यांच्या चाली महाराष्ट्रातील चालींहून थोड्याफार निराळ्या झालेल्या असू शकतात. उत्साही तरुण आज त्या संगणकावर उतरवू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि ज्या मुलाने आजोबांना गाताना ऐकले नाही, त्याच्यापुढे उद्या यंत्राने वाजविलेली चाल हीच मूळ चाल म्हणून उभी राहील. त्या चालीत आजोबांचा श्वास नसेल तर मुलाच्या गाण्यातही तो येणार नाही. शिवाय यंत्राला फुप्फुसे नसतात. श्वासाला जागा न ठेवता लिहिलेली ओळ यंत्र बिनबोभाट वाजविते, पण वर्गातील लहान मुले ती म्हणताना धापा टाकतात. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

बाजाच्या पेटीवरून थेट संगणकात वाजवून स्वर भरण्याची सोयही हल्ली उपलब्ध आहे. तीत वाजविणाऱ्याच्या लहानमोठ्या थांबण्यांना यंत्र जवळच्या ठरावीक भागात बसविते. पाव मात्रेहून थोडा कमी असलेला विराम कधी पाव मात्रेचा होतो, कधी अजिबात नाहीसा होतो. म्हणून अशा रीतीने तयार झालेला मजकूर कानाने तपासल्याशिवाय पक्का मानू नये.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. एका कार्यक्रमात लिहिलेले संगीत दुसऱ्या कार्यक्रमात नेण्यासाठी म्यूझिक-एक्सएमएल नावाची सर्वमान्य मांडणी आहे. तिची पहिली आवृत्ती सन २००४ मध्ये आली. तिच्यातून विरामाचे चिन्ह पलीकडे जाते, पण त्या चिन्हाला दिलेली थांबण्याची लांबी जशीच्या तशी जाईल याचा भरवसा धरता येत नाही. कार्यक्रमही कायमचे नसतात. सन १९८८ पासून जगभर वापरला गेलेला फिनाले हा कार्यक्रम पुढे चालविणार नसल्याचे त्याच्या निर्मात्यांनी सन २०२४ मध्ये जाहीर केले. ज्यांचे सारे लेखन त्याच एका स्वरूपात होते त्यांना ते दुसरीकडे हलविण्याची धावपळ करावी लागली. यावरून बोध एवढाच घ्यावा की, महत्त्वाचे संगीत एकाच पेटीत कुलूपबंद करून ठेवू नये.

करावयाच्या गोष्टी

शाळा, ग्रंथालये आणि मंडळे यांना पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

प्रथम, चाल जाणणाऱ्या व्यक्तीचे गाणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. एकदा तालासह आणि एकदा तालाशिवाय असे दोनदा घेतल्यास श्वासाच्या जागा स्पष्ट होतात. हे ध्वनिमुद्रण लेखन पूर्ण झाल्यावर पुसून टाकू नये. लेखन हे त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरे, हाताने स्वरलेखन करताना धरलेला स्वर आणि खरी शांतता यांना निराळ्या खुणा द्याव्यात. आडवी रेघ धरलेल्या स्वरासाठीच राखावी. शांततेच्या मात्रेला स्वरांच्या ओळीत ‘वि’ असे अक्षर लिहिले तरी चालेल. सात स्वरांत ते अक्षर नसल्यामुळे घोटाळा होणार नाही. खूण कोणतीही असो, तिचा अर्थ पानाच्या आरंभी लिहिलेला असावा.

तिसरे, संगणकात मजकूर भरल्यानंतर प्रत्येक आवर्तनाच्या मात्रा मोजाव्यात आणि यंत्राने वाजविलेले गाणे हाताने टाळी देत ऐकावे. सम हुकली तर बहुधा एखादा विराम चुकलेला असतो.

चौथे, ते गाणे ज्यांच्याकडून घेतले त्यांना ऐकवावे. त्यांनी मान हलविली तर ठीक; कपाळाला आठी पडली तर पुन्हा लिहावे. वाद्याचे अथवा यंत्राचे ज्ञान नसलेली आजीबाईसुद्धा ‘इथे जरा थांबायचं असतं’ एवढे अचूक सांगू शकते, आणि या बाबतीत तिचा शब्द यंत्राहून प्रमाण मानावा.

पाचवे, तयार लेखनाची एक प्रत कागदावर छापून ग्रंथालयात ठेवावी, एक मूळ कार्यक्रमाच्या स्वरूपात आणि एक सर्वमान्य मांडणीत ठेवावी. कोणत्या गावची चाल, कोणाकडून मिळाली आणि केव्हा लिहिली, हे संबंधितांच्या संमतीने नोंदवावे.

या पाच गोष्टींना फार खर्च येत नाही. एक साधा संगणक, एक ध्वनिमुद्रक आणि ऐकण्याची तयारी एवढ्यावर कामाला प्रारंभ होऊ शकतो. गायनशाळेच्या पहिल्या वर्गात स्वरलेखन मांडले गेले तेव्हाही काही जाणकारांना वाटले असेल की, कागदावर गाणे मावत नाही. ते खरेच होते. पण कागद नसता तर कित्येक चिजा आज आपल्यापर्यंत पोहोचल्याही नसत्या. संगणकाविषयी हीच समतोल दृष्टी असावी. त्याला गुरू मानू नये आणि त्याचा दुस्वासही करू नये. तो इमानी लेखनिक आहे : सांगितले तेवढे लिहितो आणि लिहिले तेवढेच वाजवितो. त्याला स्वर सांगताना आपण चुकत नाही. गायक कोठे थांबला आणि किती थांबला, हेही तितक्याच काळजीने सांगितले, तर पुढच्या पिढीच्या हाती पडणारे गाणे पुरे असेल.